विमानाची खोड आणि विहिरीजवळचे चार एकर



या सदरात आपण बियाणे, खते, फवारणी आणि जनावरांचे आजार यांविषयी बोलतो. आजचा विषय आभाळातला आहे, पण प्रश्न जमिनीचाच आहे, म्हणून घेतला. एका वाचकांनी लिहिले आहे : "मुलगा बारावी झाला. गणित चांगले आहे. त्याला वैमानिक व्हायचे आहे. कंपन्यांनी शेकड्यांनी विमाने मागवली आहेत, चालवायला माणसे नाहीत, असे तो सांगतो. खर्च फार आहे. विहिरीजवळचे चार एकर विकावेत काय?" पत्राच्या तळाशी वेगळ्या अक्षरात एक ओळ आहे : "ती जमीन मामंजींनी दगड वेचून केली आहे, नीट विचार करून सांगा." ही ओळ घरच्या बाईंची असावी. उत्तर मी दोघांनाही देतो आहे.

मी शेतकीचा पदवीधर, विमानाचा नव्हे. पण आमच्या नात्यात दोघेतिघे वैमानिक आहेत. लग्नकार्यात ते एकत्र बसले की मी मुद्दाम जवळ बसतो. त्यांच्या गप्पा तीनच गोष्टींभोवती फिरतात. कोणत्या विमानाला कसली खोड आहे, कोणती कंपनी कोणती विमाने घेणार नि कोणती काढणार, आणि नोकरीत पुढे कोणाचा नंबर कधी लागणार. बैलबाजारात आपण याहून वेगळे काय बोलतो? बैल बशा आहे का, धनी दावणीला आणखी जोडी बांधणार का, आणि यंदा भाव काय!

आधी खोडी पाहू. लहान गावांच्या धावपट्टीवर येते ते पंख्यांचे एटीआर विमान, सत्तरएक माणसांचे. मोठ्या विमानाच्या शेपटीत जमिनीवर असताना वीज व हवा पुरवणारे एक छोटे इंजिन असते. एटीआरला ते नसते. म्हणून वैमानिक उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेक लावून अडकवून ठेवतात, इंजिन मात्र चालू ठेवतात आणि त्यावर भागवतात. यात माणसे मागच्या दाराने चढतात. सगळी माणसे एकदम मागे गोळा झाली तर विमान उलाळ होईल, म्हणून उभे असताना शेपटीखाली टेकू लावतात. गाडीत कडबा भरताना गाडी उलाळ होऊ नये, धुरजडही होऊ नये, याची काळजी आपण घेतोच. हिशेब तोच.

एअरबसचे ए-३२० आपल्याकडे सर्वांत जास्त दिसते. ते उभे असताना कधी कधी पोटातून कुत्रे भुंकल्यासारखा आवाज येतो. नवा प्रवासी दचकतो. तो तेलाचा दाब एका बाजूकडून दुसरीकडे पोचवणाऱ्या यंत्राचा आवाज असतो, काळजीचे कारण नाही. उतरताना जमीन वीसेक फुटांवर आली की हे विमान स्वतःच "रिटार्ड, रिटार्ड" असे बोलते, म्हणजे इंजिनाची ताकद कमी करा. बोइंगमध्ये दोन्ही वैमानिकांपुढे जे चाक असते त्याला इंग्रजीत 'योक' म्हणतात. योक म्हणजे जू! आणि ते खरोखर जुवासारखे जोडलेले असते. एकाने ओढले की दुसऱ्याच्या हाताला कळते. एअरबसमध्ये प्रत्येकाच्या कडेला वेगळी दांडी असते. एकाची हलली तरी दुसऱ्याची हलत नाही. दोघांनी एकदम हलवली तर विमान ओरडून सांगते. कोणते बरे, यावर हे लोक जेवण थंड होईपर्यंत भांडतात. माझ्या शेतकरी बुद्धीला जू बरे वाटते, पण माझ्या मताला तिथे कोण विचारतो!

या झाल्या हसण्यावारी नेण्याच्या खोडी. पण बोइंग ७३७ ची गोष्ट ऐका, म्हणजे खोड पोटावर कशी येते ते समजेल. हे विमान १९६७ साली प्रथम उडाले. सामान हाताने चढवता यावे म्हणून ते जमिनीला धरून ठेंगणे बांधले होते. पुढे इंजिने मोठी होत गेली, पण खाली जागा नव्हती. 'मॅक्स' ही नवी जात काढताना इंजिने पुढे सरकवून वर घेतली. त्यामुळे काही स्थितीत विमानाचे नाक गरजेपेक्षा वर जाऊ लागले. ते आपोआप खाली दाबणारी एक संगणक-व्यवस्था बसवली. ती भरवसा ठेवत होती वाऱ्याचा कोन मोजणाऱ्या एकाच काट्यावर, आणि वैमानिकांच्या पुस्तकात तिचा उल्लेखही नव्हता. काटा चुकला की विमान नाक खाली घालू लागे आणि बिचारा वैमानिक कशाशी झगडतो आहे हे त्याला कळत नसे. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियात आणि १० मार्च २०१९ रोजी इथिओपियात अशी दोन विमाने कोसळली. ३४६ माणसे गेली. इंडोनेशियाच्या विमानाचा कप्तान दिल्लीचा होता.

मग जगभर ही विमाने उभी केली गेली. आपल्याकडे ती मार्च २०१९ पासून ऑगस्ट २०२१ पर्यंत उडाली नाहीत. आता हिशेब करा. वैमानिकाला कोणतेही विमान चालवता येत नाही. ज्या जातीचे खास शिक्षण, म्हणजे 'टाइप रेटिंग', घेतले तेच चालवता येते. ती जात उभी राहिली की माणूसही उभा राहतो. म्हणून ते खोडींवर इतके बोलतात. खोड, ताफा आणि पगार ही एकाच दाव्याला बांधलेली तीन जनावरे आहेत.

ताफ्याचे तसेच. गो फर्स्ट कंपनीने ३ मे २०२३ रोजी उड्डाणे थांबवली. इंजिने वेळेवर मिळत नाहीत, निम्मी विमाने उभी आहेत, असे तिचे म्हणणे होते. इंजिन करणाऱ्या कंपनीने ते नाकारले. त्याच कंपनीच्या इंजिनांत धातूच्या भुकटीचा दोष असल्याचे जुलै २०२३ मध्ये बाहेर आले आणि पुढे इंडिगोचीही सत्तरावर विमाने एका वेळी जमिनीवर होती. इंडिगो मोठी, तिने निभावले. त्याआधी २०१२ मध्ये किंगफिशर आणि एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली. पंधरा-वीस वर्षे नोकरी केलेले कप्तान दुसरीकडे गेले तेव्हा यादीत तळाला लागले. या धंद्यात ज्येष्ठता कंपनीगणिक असते, माणसाबरोबर जात नाही. कोणाला कोणते विमान मिळेल आणि कप्तानपदी कोणाचा नंबर आधी लागेल, हे बहुधा ती यादीच ठरवते.

आता मुलगा दाखवतो त्या आकड्यांकडे येऊ. आकडे खरे आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० विमाने घेण्याचे जाहीर केले. जून २०२३ मध्ये इंडिगोने एकदम ५०० मागवली. पण मागवलेले विमान म्हणजे दारात उभे असलेले विमान नव्हे. ही विमाने दहा-बारा वर्षांत थोडी थोडी यायची. अकासा कंपनीने २२६ मागवली आणि वैमानिकही आधीच घेतले. बोइंगकडून विमाने वेळेवर आली नाहीत आणि २०२५ मध्ये तिच्या अनेक वैमानिकांना बसून राहावे लागले. वैमानिकाच्या कमाईचा मोठा भाग उडालेल्या तासांवर असतो. बसला की कमाई आटली.

"वैमानिक मिळत नाहीत" हेही अर्धेच खरे आहे. विश्रांतीचे नवे नियम लागू झाल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोकडे पुरेसे वैमानिक नव्हते आणि एका दिवशी तर हजारावर उड्डाणे रद्द झाली, हे आपण वाचले. पण टंचाई मुख्यतः कप्तानांची असते. कप्तान व्हायला १,५०० तासांच्या उड्डाणाचा वरचा परवाना लागतो, अनुभव लागतो, म्हणजे नोकरीतली काही वर्षे लागतात. २०० तास उडून नुकताच परवाना घेतलेल्या पोरांची टंचाई नाही. २०२३ या एका वर्षात देशात १,६०० हून अधिक परवाने दिले गेले. त्यातले कितीतरी नंतर बोलावण्याची वाट पाहत बसले. कांद्याचा भाव पाहून सगळ्या गावाने कांदा लावावा आणि काढणीला सगळ्यांच्या गाड्या एकाच दिवशी बाजारात याव्यात, तसे हे होते.

तर पत्रलेखकांनो, माझे मत असे. मुलाला अडवू नका. धंदा मानाचा आहे, जम बसला तर पैसाही आहे, आणि वैमानिक वयाच्या पासष्टीपर्यंत उडू शकतो. पण सातबारा हातात घेऊन आधी शाळेच्या कचेरीत जाऊ नका. पहिले काम वैद्यकीय तपासणीचे. हवाई खात्याने, म्हणजे डीजीसीएने, नेमलेल्या डॉक्टरांकडे दुसऱ्या वर्गाची तपासणी होते, नंतर पहिल्या वर्गाची. पहिल्या वर्गात बसला नाही तर धंद्यासाठी उडता येत नाही. चष्मा चालतो, पण रंगांधळेपणासारखा दोष आडवा येतो. हा खर्च हजारांतला आहे. चार एकर गेल्यावर दोष कळला तर कोणाला सांगाल?

दुसरे, लेखी परीक्षा आधी देऊ द्या. दिशा-मार्ग, हवामान, हवाई कायदे आणि यंत्राची माहिती असे विषय आहेत. प्रत्येकात शंभरात सत्तर गुण हवेत. विमानात न बसताही या परीक्षा देता येतात. पोराची जिद्द किती खोल आहे ते तिथे घरबसल्या समजेल.

मग शाळा. गोंदियाजवळ बिरसीला मोठी शाळा आहे. तिकडच्या धानाच्या शेतांवर शिकाऊ विमाने घिरट्या घालताना दिसतात. उत्तर प्रदेशात फुरसतगंजला सरकारी अकादमी आहे. इतरही पुष्कळ आहेत. ऑक्टोबर २०२५ पासून डीजीसीए शाळांची प्रतवारी जाहीर करू लागले, ती अवश्य पाहा. पण बैलाचे दात आपण स्वतः पाहतो, तसे तिथे जाऊन पाहा. आज उडण्याजोगी विमाने किती आणि पोरे किती? शिकवणारे किती? मागच्या तुकडीला २०० तास पुरे करायला किती महिने लागले? पावसाळ्यात किती दिवस उड्डाण बंद असते? हे कागदावर विचारू नका. तिथल्या पोरांना चहाच्या टपरीवर विचारा. आणि पैसे एकरकमी भरू नका. जितके तास उडतील तितके भरा. एकदम भरल्यास सूट देतो म्हणणाऱ्या शाळेपासून तर चार पावले लांबच राहा.

परवान्यापर्यंत पन्नास लाखांच्या वर खर्च जातो. त्यात टाइप रेटिंगचे दहा-पंधरा लाख किंवा अधिकच धरलेले नसतात. पुष्कळ घरे इथेच फसतात. सारे पैसे परवान्यात संपतात आणि पुढच्या पायरीला हात रिकामे. काही कंपन्या आधी मुलगा निवडतात आणि मग शिकवतात. त्याला खर्च याहून बराच जास्त येतो, पण पुढचा रस्ता थोडा स्वच्छ असतो. त्या करारात "अटींसह नोकरी" असे लिहिलेले असते. अटी तालुक्याच्या वकिलाकडून वाचून घ्या. परवाना आणि नोकरी यांत वर्ष-दोन वर्षांचे अंतर पडू शकते. तेवढे दिवस घर चालेल आणि कर्जाचे व्याजही फिटेल असे उत्पन्न हातात हवे, आणि ते बागायतीतूनच यायचे आहे.

म्हणून विहिरीजवळचे चार एकर विकू नका. तपासणी आणि लेखी परीक्षा पार पडली तर शैक्षणिक कर्ज पाहा. तारण द्यायचे तर कोरडवाहू तुकडा द्या, पाणी असलेला नको. तेवढ्याने भागत नसेल तर मुलाला विमान-दुरुस्तीच्या शिक्षणाचीही माहिती घ्यायला सांगा. त्याला खर्च पुष्कळ कमी आहे, आणि विमान उभे राहिले तरी दुरुस्ती करणाऱ्याला काम असते.

आणि बाई, आपली ओळ मी दोनदा वाचली. मुलाच्या जिवाची धास्तीही आपल्याला असेल. अहमदाबादला जून २०२५ मध्ये जे झाले त्यानंतर कोणत्या आईला नसेल? त्यावर इतकेच सांगतो की शिकाऊ वैमानिकाला तो पुरा तयार होईपर्यंत एकट्याने माणसे घेऊन उडू देत नाहीत. शेजारी जाणता माणूस असतो. तपासणीचा निकाल आला की मुलाने मला पत्र टाकावे, पुढचे तेव्हा बोलू.

पुढील आठवड्यात उसाचा खोडवा राखताना पाचट जाळावे की कुजवावे, याविषयी.