पाकीट कोणी फोडावे?

१९८६ साली संसदेने टपाल कायद्यातील दुरुस्तीचे विधेयक संमत केले. नागरिकांची पत्रे अडविण्याचे व्यापक अधिकार त्याने शासनाला मिळणार होते. लोकसभेत सत्ताधारी पक्षाचे चारशेहून अधिक सदस्य होते. बहुमताची उणीव नव्हती. तरीही राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी त्यावर स्वाक्षरी केली नाही. त्यांचे उत्तराधिकारी आर. वेंकटरमण यांनी १९९० मध्ये ते संसदेकडे परत पाठविले. त्या विधेयकाचे कायद्यात कधीच रूपांतर झाले नाही. आणीबाणीत वृत्तपत्रांतील अग्रलेखाच्या कोऱ्या जागा पाहिलेल्या पिढीला या घटनेचे मोल वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

आज पत्राची जागा मोबाईलने घेतली आहे. पाकीट फोडायला पूर्वी निदान माणूस लागत असे. आता कोण कोणाशी बोलतो, कोठे जातो, कोणते औषध विकत घेतो, याची नोंद आपोआप होत राहते. आपले लिखाण कोणीतरी चोरून वाचत आहे, याची जाणीव असलेला मनुष्य मोकळेपणाने लिहीत नाही. म्हणूनच खासगीपणा आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य हे दोन निराळे प्रश्न नाहीत. पहिला गेला की दुसरे कागदावरच उरते.

शासनाला अधिकारच नकोत, असे कोणी सुज्ञ मनुष्य म्हणणार नाही. दहशतवाद्यांचे संभाषण टिपलेच पाहिजे. प्रश्न अधिकार असण्याचा नसून त्यांच्या मर्यादा आखण्याचा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६ अ चा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याला महिना पूर्ण होण्याआधी ही दुरुस्ती संसदेत संमत झाली. ‘घोर आक्षेपार्ह’ मजकूर, ‘उपद्रव’ वा ‘गैरसोय’ होईल असा खोटा मजकूर अशा शब्दांवर तीन वर्षांच्या कारावासाची तरतूद झाली. कोणाची गैरसोय आणि किती, याचा निर्णय अर्थातच पोलीस ठाण्यावर सोपविला गेला.

परिणाम नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे दिसला. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदविषयी एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्यांना पसंती दर्शविली आणि दोघींनाही अटक झाली. तो मजकूर अनेकांना रुचला नसेल. शोकाकुल मनाला तो बोचणे स्वाभाविकही होते. परंतु न रुचणे हा गुन्हा नव्हे. पुढे संबंधित पोलीस अधिकाऱ्यांवरच निलंबनाची पाळी आली आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरविले. तरीही त्या मृत कलमाखाली गुन्हे नोंदविले जातच होते. ते थांबविण्याचे आदेश ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा द्यावे लागले. एकदा हातात दिलेला दंडुका सहजी खाली ठेवला जात नाही, हाच याचा बोध.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले. त्यात हस्तक्षेप करायचा तर कायद्याचा आधार हवा, हेतू न्याय्य हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा याच निकषावर तपासला पाहिजे. नागरिकांची माहिती निष्काळजीपणे हाताळणाऱ्या कंपन्यांना अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे, हे स्वागतार्हच. परंतु देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार आपल्या कोणत्याही यंत्रणेला अधिसूचनेद्वारे या कायद्यातून वगळू शकते आणि तक्रारी ऐकणाऱ्या मंडळाचे सदस्यही केंद्र सरकारच नेमते. संकेतस्थळे वा मजकूर रोखण्याचे आदेश आणि त्यामागील तक्रारी २००९ च्या नियमांनुसार गोपनीय ठेवल्या जातात. कारणच कळले नाही, तर दाद कशाच्या आधारे मागायची?

यावरील उपाय क्रांतिकारक नाहीत. टेहळणीच्या परवानगीवर सचिवांच्या समितीऐवजी न्यायाधीशाची देखरेख असावी. रोखलेल्या मजकुराच्या लेखकाला कारण कळवावे. सूट द्यायची ती मुदतीपुरती आणि संसदेला हिशेब देऊन. गुन्ह्याची व्याख्या अशी असावी की, सामान्य माणसाला ती वाचून आपली मर्यादा कळेल.

आपल्या विचारांचे सरकार असताना असे अधिकार निरुपद्रवी वाटतात. हाच मोह टाळला पाहिजे. सत्ता बदलते, कायदा तेथेच राहतो आणि नव्या हाती जातो. आपल्या कट्टर विरोधकाच्या हाती जो अधिकार देण्याची मनाची तयारी नाही, तो अधिकार आपल्या माणसालाही देऊ नये, हीच खरी कसोटी होय.