पोस्टाचा करार आणि इंटरनेटची मेहेरबानी

परदेशी कामाला निघालेल्या माणसाला इंटरनेटविषयीचे सल्ले हल्ली पैशाला पासरी मिळतात. विमानतळावरच्या दुकानातून सिम घेऊ नये, महाग पडते. ई-सिम निघण्यापूर्वीच घ्यावे. हॉटेलच्या वाय-फायवर बँकेचे व्यवहार करू नयेत. सल्ले उपयोगाचे आहेत आणि आम्हीही ते दिले-घेतले आहेत. परंतु या सर्वांमागे एक गृहीत दडलेले असते. घराशी संपर्क ही प्रवाशाने आपल्या चतुराईने आणि आपल्या पैशाने मिळवायची वस्तू आहे, ती न मिळाल्यास दोष त्याचाच, असे ते गृहीत. आमचा वाद त्याच्याशी आहे.

ओझरला राहून या विषयावर लिहिण्यास थोडे कारण आहे. निफाड तालुक्यातल्या, बाणगंगेकाठच्या या गावाचा परदेशाशी संबंध नोकरीतून जुळला. १९६४ साली येथे मिग-२१ बांधण्यासाठी विमान कारखान्याची स्थापना झाली आणि गावाच्या नावाला 'मिग' असे जे शेपूट चिकटले ते आजही सुटलेले नाही. येथली माणसे प्रशिक्षणासाठी सोव्हिएत संघात गेली, तिकडचे तज्ज्ञ येथे येऊन राहिले. पुढे सुखोई-३० आले. २००० साली परवान्याचा करार झाला आणि २००४ मध्ये ओझरला बांधलेले पहिले सुखोई हवाई दलाला मिळाले. त्या विमानाचे मूळ घर सैबेरियातले इर्कुत्स्क. आपल्याकडे सकाळचे साडेसात वाजतात तेव्हा तेथे दहा वाजलेले असतात. म्हणजे वेळेचे अंतर फार नाही. पण थंडीतला तिथला दिवस निफाडच्या माणसाला सोसणे कठीण, आणि अशा दिवशी घरचा आवाज ऐकावासा वाटणे ही चैन नव्हे.

सोव्हिएत काळात घरचा आवाज म्हणजे पत्र. त्या पत्रांचे गोडवे गाण्याची आमची इच्छा नाही. पत्राला आठवडे लागत, आणि घरात कोणी गेल्याची बातमी तेरावे उलटल्यावर हाती पडावी अशीच ती व्यवस्था होती. मात्र त्या मंदगती पत्रामागे एक गोष्ट भक्कम उभी होती. १८७४ साली बर्न येथे देशोदेशींनी टपालाचा करार केला आणि १८७६ मध्ये हिंदुस्थान त्यात सामील झाला. त्या व्यवस्थेचे मर्म असे की, आपल्या देशात टाकलेले पत्र दुसऱ्या देशाच्या पोस्टाने घरपोच करायचे, आणि तेही पत्र पाठवणाऱ्याच्या तिकिटावर. टपालहंशील एकदाच. राजवटी एकमेकींकडे डोळे वटारून पाहत असतानाही हे चालले. सेन्सॉर होता, नाही असे नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवरून हिंदी शिपायांनी लिहिलेली पत्रे अधिकारी उघडून वाचत असत. वाचून बहुतेक पुढे जाऊ देत. पत्र पोचवणे हे आपले कर्तव्य आहे, एवढे सरकारांनी लेखी मान्य केले होते.

इंटरनेटवरच्या संभाषणामागे असे काही नाही. आज इर्कुत्स्कहून ओझरला चेहरा दिसेल असा कॉल फुकट लागतो, हा चमत्कारच आहे. परंतु तो मेहेरबानीने चालतो. २०२२ च्या मार्चमध्ये रशियाने फेसबुक व इन्स्टाग्राम अडवले, २०२४ मध्ये सिग्नल, आणि २०२५ च्या ऑगस्टात व्हॉट्सॲप व टेलिग्रामवरील कॉलवर निर्बंध आणले. त्या सरकारचे त्याच्या नागरिकांशी आणि परक्या कंपन्यांशी जे भांडण आहे, ते असो. तिथे कामाला गेलेला मराठी कारागीर त्या भांडणात कोणत्याही बाजूला नाही, तरी घराचा दरवाजा त्याचाच बंद झाला. दुबई-अबूधाबीची गोष्ट निराळी. तेथे व्हॉट्सॲपवर निरोप लिहिता येत असे, पण बोलता येत नसे. बोलायचे तर तेथील परवानाधारक ॲपच वापरावे लागे. कारण राजकीय कमी आणि दूरध्वनी कंपन्यांच्या मिळकतीचे जास्त. महासाथीच्या काळात, २०२० मध्ये, कचेऱ्या आणि शाळा चालाव्यात म्हणून काही ॲपना मोकळीक मिळाली. मजुराने आईशी बोलावे यासाठी मात्र एवढी तातडी कुणालाच वाटली नाही.

येथे नाक मुरडण्याआधी स्वतःचे घर पाहिलेले बरे. इंटरनेटवरून फोन करणे आपल्याही देशात १ एप्रिल २००२ पर्यंत बेकायदा होते. कारण तेच: परदेशी फोनच्या मक्तेदारीतून मिळणारा पैसा. १९९५ च्या १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने सामान्यांसाठी इंटरनेट खुले केले आणि पुढची सहा-साडेसहा वर्षे त्यावरून बोलण्यास बंदी राहिली. ऑगस्ट २०१९ मध्ये काश्मिरात तर साधे फोनही बंद झाले, आणि परदेशी असलेली तेथली मुले घरच्यांचा ठावठिकाणा लागावा म्हणून तळमळत होती.

पण आमच्या मते परदेशस्थाची खरी कोंडी आता संभाषणाची नसून ओळखीची आहे, आणि ती आपण स्वदेशातच तयार केली आहे. बँक, आधार, प्राप्तिकर, गॅसचे बुकिंग, सगळीकडे माणूस ओळखला जातो तो मोबाइलवर येणाऱ्या सहा आकड्यांवरून. ही रचना करणाऱ्यांनी मनात एकच चित्र धरले होते: नागरिक आणि त्याचे सिम एकाच ठिकाणी आहेत. सहा महिन्यांसाठी परदेशी गेलेल्या माणसाच्या खिशात तेथले सिम असते आणि ओझरच्या घरी कपाटातल्या जुन्या फोनमध्ये इथले. ओटीपी आला की आई किंवा बायको चष्मा लावून तो वाचून दाखवते. म्हणजे कुणालाही सांगू नका असे ज्या संदेशातच लिहिलेले असते तो संदेश रोज मोठ्याने वाचला जातो. सुरक्षिततेचे यापेक्षा मोठे विडंबन आम्हांला माहीत नाही. शिवाय सिम तीन महिने वापरले नाही तर ते बंद करण्याची मुभा कंपनीला आहे, आणि बंद झालेला क्रमांक यथावकाश दुसऱ्याच्या नावे जातो. मग बँकेच्या लेखी आपला ग्राहक म्हणजे कोणी तिसराच.

थोडी हालचाल झाली आहे. २०२३ च्या आरंभी अमेरिका, ब्रिटन, अमिराती, सौदी अरेबिया अशा १० देशांतील अनिवासी भारतीयांना तेथल्या क्रमांकावरून यूपीआय वापरण्याची वाट मोकळी झाली. त्या यादीत रशिया नव्हता. रिझर्व्ह बँकेने २०२५ च्या सप्टेंबरात काढलेल्या निर्देशांत एसएमएसखेरीज अन्य मार्गांनीही ग्राहकाची खातरजमा करण्यास वाव दिला. याच्या उलट, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दूरसंचार विभागाने संदेशवाहक ॲपना फर्मावले की, ज्या क्रमांकावर खाते उघडले ते सिम फोनमध्ये असेल तरच ॲप चालावे. परदेशातून भारतीय क्रमांकांच्या आडून फसवणूक करणाऱ्या टोळ्यांना आळा घालणे हा त्यामागचा हेतू, आणि तो रास्त आहे. अशा फसवणुकीत आयुष्याची पुंजी गमावलेली माणसे आपल्या आसपास आहेत. तरीही ज्याच्या फोनमध्ये एकाच सिमची जागा आहे अशा परदेशस्थ कामगाराचा विचार या आदेशात कुठे दिसत नाही.

हे सारे मागणे अव्यवहार्य आहे असे कोणी म्हणेल, तर त्याने खलाशांकडे पाहावे. कोकणातली कितीएक घरे बोटीवरच्या नोकरीवर उभी आहेत. खलाशांच्या हक्कांचा जो आंतरराष्ट्रीय करार भारताने २०१५ मध्ये स्वीकारला, त्यात २०२२ साली सुधारणा झाली आणि २३ डिसेंबर २०२४ पासून ती अमलात आली. घरच्यांशी संपर्काची सोय ही आता बोटीवरच्या सुविधांत मोडते. इंटरनेट शक्य तेथवर द्यावे आणि पैसे घेतलेच तर ते वाजवी असावेत, असे त्यात म्हटले आहे. भर समुद्रातल्या माणसासाठी जे लिहिता आले ते जमिनीवर काम करणाऱ्यासाठी का लिहिता येऊ नये? विमान कारखान्यात फोन फाटकावर ठेवून आत जावे लागते आणि ते योग्यच आहे. प्रश्न संध्याकाळी खोलीवर परतल्यानंतरचा आहे.

भारत रशियाशी विमानांचे करार करतो, अमिरातींशी २०२२ मध्ये व्यापक व्यापारी करार झाला. सुटे भाग, जकात, हमीचा काळ यांवर अशा वेळी महिनोन्‌महिने घासाघीस होते. त्याच टेबलावर आणखी एक कलम ठेवता येईल: आमची जी माणसे तुमच्याकडे कामाला येतील त्यांना घरी बोलण्याचा निदान एक मार्ग, तुमच्या पसंतीचा का होईना, चालू राहील आणि तो अडवायचा झाल्यास आगाऊ सूचना मिळेल. आणि घरच्या बाजूला बँकांनी परदेशी जाणाऱ्या ग्राहकाला निघण्यापूर्वी, शाखेत समोर बसवून, सिमवाचून ओळख पटवण्याची सोय करून द्यावी. व्हिसाच्या कागदांसाठी तो एरवीही शाखेत खातेउतारा मागायला जातोच. त्याच खेपेत हे काम उरकता येईल.