बंदिश कोणाची?

गणपतीत यंदा आमच्याकडे भाचीचं गाणं झालं. मारुबिहाग गायली. रात्र जागून काढणाऱ्या नायिकेची ती बंदिश, तुम्हीही कधी ना कधी ऐकलेली. गाणं झाल्यावर मामी कौतुकाने म्हणाली, "जुनी चीज ना ही? पारंपरिक?" भाचीने मान डोलावली.

मला खरं माहीत होतं, तरी गप्प बसले. पाहुण्यांसमोर पोरीला कशाला टोका! शिवाय वीसेक वर्षं मीसुद्धा तिला पारंपरिकच समजत होते. लहानपणी क्लासमध्ये वहीत राग लिहिला, ताल लिहिला. कोणाची ते कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

ही बंदिश डॉ. प्रभा अत्रे यांची.

जुने रचनाकार हुशार. सदारंगांनी चीजेतच नाव गुंफलं, फैयाज खाँसाहेब 'प्रेमपिया' झाले, चि. रा. व्यास 'गुणिजान'. गाता गाता नाव घेतलंच जातं. या बंदिशीत तशी सही नाही. म्हणजे नाव सांगायचं काम आपलं.

आणि बाई केवढ्या! सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांच्याकडे शिकल्या. विज्ञान आणि कायद्याच्या पदव्या घेतल्या, सरगमवर डॉक्टरेट केली. सरगम ही नुसती घोकायची गोष्ट नाही, ख्यालात तिला मानाची जागा आहे, हे त्यांनी गाऊन दाखवलं आणि लिहूनही. अपूर्व कल्याण, मधुरकंस असे नवे राग बांधले. एसएनडीटी विद्यापीठात संगीत विभागाच्या प्रमुख होत्या. गुरू सांगेल ते मुकाट्याने गिरवायचं अशा वातावरणात वाढलेल्या मला, कारण देऊन शिकवणाऱ्या या बाईंचं फार अप्रूप वाटतं. 2022 मध्ये पद्मविभूषण मिळालं, 13 जानेवारी 2024 ला पुण्यात त्या गेल्या.

कोणी म्हणेल, चीज सगळ्यांची झाली, नाव विसरलं गेलं, यातच रचनाकाराचं मोठेपण! ऐकायला छान आहे. पण पुरणपोळी आजीच्या हातची म्हणून वाढली तर चव कमी होते का? आणि नवी बंदिशही 'पारंपरिक' म्हणून खपवली की मुलांना वाटतं, नवीन काही बांधायचं नसतंच, सगळं आधीच कोणीतरी करून ठेवलंय.

असो. रात्री भाचीला फोन करून सांगितलं. "मावशी, तेव्हाच का नाही बोललीस?" म्हणाली. बरोबरच आहे तिचं.

तुमच्या जुन्या वह्या काढून बघा. राग आहे, ताल आहे... आणि नाव?