शांत पोर कुणाला हवंय?

पाच वर्षांच्या पोराला सकाळी एक गोळी द्यायची आणि तिने संध्याकाळपर्यंत त्याच्या अंगात काम करत राहायचं, ही सोय नेमकी कुणाची? हे आज सरळच विचारते, कारण सुरतेतल्या आपल्या घरांत या गोळीची कुजबूज आता ऐकू येऊ लागली आहे. 'टीचर म्हणतात एका जागी बसतच नाही.' 'सिनियरला गेला तरी लिहीत नाही.' आणि मग हळूच, 'त्याचं काही औषध असतं ना हो?'

असतं. आधी एक साफ सांगते, एडीएचडी हे थोतांड नाही. ज्या मोठ्या मुलाचं त्यापायी शिक्षण, मैत्री, घर सगळंच विस्कटतं, त्याला चांगल्या डॉक्टरच्या देखरेखीखाली मेथिलफेनिडेटसारख्या औषधाचा खरोखर आधार होतो. अशा मुलाच्या आईला 'पोराला नशेला लावतेस का?' असं टोचणाऱ्या बाया मला मुळीच पटत नाहीत. माझं भांडण त्या औषधाशी नाहीच. सहा वर्षांच्या आतलं लेकरू आणि दिवसभर पुरणारी लाँग-अ‍ॅक्टिंग गोळी, या जोडीशी आहे.

फरक समजून घ्या. साध्या गोळीचा अंमल तीन-चार तास. सकाळी दिली आणि पोर चिडचिडं झालं, नाहीतर गुमसुम बसलं, तर दुपारपर्यंत ते उतरतं. लाँग-अ‍ॅक्टिंगचा अंमल आठ ते बारा तास. सकाळी मात्रा चुकली तर ती पोराने दिवसभर भोगायची. यातल्या बऱ्याच गोळ्या चावून, ठेचून किंवा अर्ध्या करून देता येत नाहीत. म्हणजे जिथे चिमूटभर अंदाज घेत पुढे जायला हवं, तिथेच हात आखडून घेण्याची सोय नाही.

हे माझ्या मनचं नाही. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या सगळ्या लाँग-अ‍ॅक्टिंग औषधांच्या माहितीपत्रकात नवा इशारा छापायला लावला. तेवढ्याच मात्रेने सहा वर्षांखालच्या मुलांच्या रक्तात औषध मोठ्या मुलांपेक्षा जास्त चढतं, त्रास जास्त होतो आणि वजन चिंता वाटावी इतकं घटतं, असं त्यात आहे. त्या वयासाठी तिथे या औषधांना मंजुरीही नाही. त्याआधी २००६ मध्ये अमेरिकेतच तीन ते साडेपाच वर्षांच्या मुलांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला होता, तोही साध्या, कमी वेळ चालणाऱ्या गोळीचा. दर दहांत एकाहून थोड्या जास्तच मुलांना त्रासामुळे औषध सोडावं लागलं. जी वर्षभर घेत राहिली त्यांच्या उंचीची वाढ अपेक्षेपेक्षा सुमारे २० टक्क्यांनी आणि वजनाची वाढ सुमारे ५५ टक्क्यांनी कमी भरली.

आता हे आपल्या स्वयंपाकघरात आणून बघा. गोळीने भूक मरते. डबा तसाच परत येतो, दुपारच्या वरण-भाताला पोर तोंड फिरवतं. अंमल उतरून पोटात आग पडते तेव्हा रात्रीचे आठ वाजलेले असतात. ज्या घरात चौविहार आहे तिथे तोवर चूल आवरलेली असते. मोठी माणसं म्हणतात, 'वेळेवर जेवला नाही, आता पाणी पिऊन झोप.' त्याला बिचाऱ्याला झोपही येत नाही, कारण झोप उडणं हाही याच औषधाचा गुण. पोर दिवसा उपाशी, रात्री जागं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चंचल! मग म्हणायचं, मात्रा वाढवा.

आणि आपण चौकशी कसली करतो? कॅप्सूलचं वेष्टन जिलेटिनचं तर नाही ना? विचारा, जरूर विचारा. पण आतलं औषध किती तासांचं आहे, पोराचं वजन-उंची दर महिन्याला कोण मोजणार आहे, हे त्याच दमात का विचारत नाही? अहिंसेची काळजी वेष्टनापाशीच संपते का?

मुळात पोर चंचल आहे की फक्त लहान आहे? अमेरिकेत २०१८ मध्ये एक अभ्यास आला. जिथे १ सप्टेंबरला पाच पूर्ण लागतात, तिथे ऑगस्टमध्ये जन्मलेल्या, म्हणजे वर्गातल्या सर्वांत धाकट्या मुलांवर सप्टेंबरमध्ये जन्मलेल्यांपेक्षा ३४ टक्के जास्त वेळा एडीएचडीचा शिक्का बसला. रोग काय जन्मतारीख बघून येतो?

आपल्या गुजरातने २०२३-२४ पासून पहिलीसाठी १ जूनला सहा वर्षं पूर्ण हवीत असा नियम केला. तर पालक हायकोर्टात गेले! पोराचं वर्ष वाया जातं म्हणे. कोर्टाने सप्टेंबर २०२३ मध्ये त्या याचिका फेटाळल्या आणि तीन वर्षांच्या आतल्या मुलांना बळेच प्री-स्कूलला घालणाऱ्या पालकांनाच बेकायदा वागणूक म्हणून सुनावलं. घाई आपली, आणि औषध पोराला. आपल्याला सामायिकाची अठ्ठेचाळीस मिनिटं बसवत नाही, दहा वेळा घड्याळाकडे नजर जाते. पण साठ पोरांच्या खोलीत पाच वर्षांच्या पोराने चार तास मांडी मोडायची नाही!

कुणी म्हणेल, तुम्हाला बोलायला काय जातं? लिंबायतच्या खोलीत राहणाऱ्या, नवरा लूमवर बारा तास असलेल्या बाईने काय करायचं? समुपदेशनाला आठवड्यामागून आठवडे कुठून काढायचे? प्रश्न खरा आहे. गोळी स्वस्त पडते, वेळ महाग पडतो. पण म्हणून महागाईचा भार घरातल्या सर्वांत लहान जिवाने स्वतःच्या अंगावर का घ्यायचा? ब्रिटनच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, पाच वर्षांखाली आधी आईबापांचं प्रशिक्षण, आणि त्या वयाची खास जाण असलेल्या दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घेतल्याशिवाय औषध नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संस्थाही चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी आधी प्रशिक्षणच सांगते. आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीच्या यादीत एडीएचडी आहे. मग ते प्रशिक्षण सरकारी दवाखान्यात, मराठीतून, सुट्टीच्या दिवशी मिळालं पाहिजे, ही मागणी आपल्या मंडळांनी करायला नको का?

तोवर एवढं तरी करा. पोराचे कान तपासा, रात्रीची झोप आणि हातातला मोबाइल तपासा, वर्गात किती पोरं आहेत ते जाऊन बघा. सहाच्या आत औषध लागेलच असं डॉक्टर म्हणाले तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या, आणि कमी वेळ चालणाऱ्या गोळीने, कमीत कमी मात्रेने सुरुवात का नाही, हे विचारा. चालू असेल तर माझं वाचून एकदम बंद करू नका, त्याच डॉक्टरकडे जा. आणि शाळेने 'गोळी द्या, नाहीतर नाव काढा' म्हटलं, तर ते कागदावर लिहून मागा. बघू कोण सही करतं ते.