कला निराळी, कलावंत निराळा?

साल्वादोर डालीच्या संग्रहालयाविषयीं कोणीं आक्षेप घेतला कीं रसिकांचें उत्तर ठरलेलें: कलाकृति पाहा, माणूस विसरा. अन्य ठिकाणीं हें कदाचित् चालेल. कातालोनियांतील फिगेरेस येथें मुळींच चालत नाहीं. १९३९ सालीं, यादवी युद्धाच्या अखेरीस, तेथील नाट्यगृह जळालें. त्याच भग्न वास्तूंत डालीनें २८ सप्टेंबर १९७४ रोजीं आपलें संग्रहालय उघडलें. अंगणांतल्या मोटारीच्या आंत पाऊस पडतो. एका दालनांत कोच आणि चित्रें मिळून मे वेस्ट या नटीचा चेहरा होतो. ही सारी मांडणी डालीची, आणि १९८९ पासून रंगमंचाखालीं देहहि त्याचाच. ज्यानें वास्तूभर स्वतःसच मांडलें, त्यास तिच्यांतून वगळावें कसें?

आणि हा माणूस कोण? त्या युद्धांतील जेत्या फ्रँकोचा स्तुतिपाठक. हिटलरविषयींच्या आकर्षणाबद्दल ब्रेताँ व इतर अतिवास्तववाद्यांनीं १९३४ सालींच त्यास जाब विचारला होता. १९७५ च्या सप्टेंबरांत फ्रँकोच्या सरकारनें पांच जणांस गोळ्या घातल्या. युरोपभर निषेध झाला, डालीनें मात्र समर्थन केलें.

संग्रहालयास टाळें लावा, असें आमचें म्हणणें नाहीं. मोटारींतला पाऊस अवश्य पाहावा. पण तो ज्या जळक्या नाट्यगृहांत पडतो, तें कोणत्या युद्धांत जळलें आणि यजमानानें पुढें कोणाची थोरवी गाइली, हेंहि तेथेंच आठवावें. तेवढें विसरावयास सांगणारी रसिकता आम्हांस मान्य नाहीं.