गरी तिच्याही हातात द्या!

"काका फक्त दादालाच गरवायला का नेतो? मला का नाही?"

नऊ वर्षांच्या लेकीने सुट्टीत हा प्रश्न विचारला आणि भाकरी थापता थापता माझा हात थांबला. उत्तर तसं तयार होतं. "खाडीचं पाणी खोल असतं, मुलींनी जायचं नसतं." लहानपणी आम्हीही हेच ऐकलं. पण ते ओठांवरच अडकलं. कारण समोर सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या, आणि त्यांचं अर्धं आयुष्य भाट्ये खाडीत मुळे काढण्यात गेलंय!

रत्नागिरीजवळ काजळी नदी समुद्राला मिळते, तिथली ही खाडी. ओहोटी लागली की पाण्यात, चिखलात उतरून मुळे, तिसऱ्या, कालवं काढतात त्या बहुतेक बायकाच. उन्हात पाठ भाजते, कंबर मोडते. तेव्हा कुणी म्हणत नाही की बाई गं, पाणी खोल आहे! संध्याकाळी काठावर गरी टाकून निवांत बसतात ते मात्र पुरुष आणि मुलगे. म्हणजे कष्ट असतील तेव्हा खाडी बायकांची, आणि मजा असेल तेव्हा पुरुषांची. पटतंय का बघा.

मग ठरवलं, आपणच जायचं. कळकाची काठी, तंगूस, एक गरी, शिशाचा तुकडा आणि आमिषाला चार कोलंब्या. खर्च म्हणाल तर एका वडापावाच्या आसपास. भरती कधी, हे सासूबाईंनी सांगितलं. तिथीची पाऊणपट करायची. त्या दिवशी षष्ठी होती. सहा पाऊण साडेचार, म्हणजे साधारण साडेचारला पूर्ण भरती. हिशोब ढोबळ, पण पाणी चढत असताना मासा लागतो, म्हणून आम्ही तीनलाच निघालो. लेक थक्क! शाळेत तिला अपूर्णांकाचा कंटाळा, आणि इथे आजी पाऊणकीवर समुद्राची वेळ सांगतेय.

पहिला तासभर काहीच लागलं नाही. खरं सांगते, मला बसवेना. घरी धुणं पडलं होतं, संध्याकाळची भाजी निवडायची होती. रिकामं बसायची आपल्याला सवयच नसते. हात रिकामे दिसले की कुणीतरी काहीतरी म्हणेल, ही भीती.

आणि तेवढ्यात पाण्याकडे बघत लेक म्हणाली, "आई, वर्गात माझ्या शेजारी कुणी बसत नाही."

दोन महिने ती गप्प गप्प होती. समोर बसवून कितीदा विचारलं, "काय झालं?" उत्तर एकच, "काही नाही." तिथे मी काहीच विचारलं नव्हतं. आम्ही दोघी नुसत्या दोरीकडे बघत होतो. मुलांचं असंच असतं. डोळ्याला डोळा लावून विचारलं की ती मिटतात, शेजारी बसलं की उलगडतात. त्या दिवशी मी धुणं धूत बसले असते, तर ते वाक्य कधी कानावर आलं असतं कोण जाणे.

शेवटी एक शेंगाळा लागला, वीतभर. त्याच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंना काटे असतात. लागले की ठणका बसतो, म्हणून तो मीच फडक्यात धरून सोडवला. नंतर आलेला बोटाएवढा मासा लेकीने आपणहून पाण्यात सोडला. "मोठा होऊ दे," म्हणाली. २०२३ मध्ये राज्य सरकारने ५४ जातींच्या माशांसाठी, किती लहान मासा पकडू नये, याची मर्यादा घालून दिली. पोरीला ते न सांगताच कळलं.

आता काळजीचं. पाणी ते पाणीच. शेवाळलेल्या दगडांवर जायचं नाही, पावसाळ्यात तर नाहीच. मूल हाताच्या अंतरावर हवं. आणि मुलीला पोहायला शिकवा. पाण्यापासून लांब ठेवलेली मुलगी सुरक्षित नसते, तिला फक्त पोहता येत नसतं.

तुमच्या गावाला खाडी नसेल, तर नदी असेल, तलाव असेल. मासे खात नसाल तर गरी नको, नुसतं काठावर बसा. पण रविवारची दोन तास कामं बाजूला ठेवून बसा, मैत्रिणींनो. लेकीला कळू दे की मोकळ्या हवेवर आणि रिकाम्या वेळेवर तिचाही हक्क आहे. आणि तिच्या आईचाही!

परवा आम्ही निघालो तर सासूबाई चपला घालून आधीच दारात उभ्या. "मुळे काढायला नाही हो," म्हणाल्या, "नुसती बसायला येते."