पिवळा दिवा विझविण्यापूर्वी

आमच्या बेळगाव-निपाणी भागात जुन्या दणकट गाड्यांचा मान अद्याप कमी झालेला नाही. निपाणीकडची चिकट काळी जमीन, खानापूरकडची तांबडी माती, उसाच्या फडातील चाकोऱ्या आणि गोव्याकडे व कोकणाकडे उतरणारे चोर्ला आणि आंबोली हे घाट. अशा मुलुखात चारही चाकांना जोर देणारी गाडी घरच्या माणसासारखी सांभाळली जाते. मात्र अशा कित्येक गाड्यांत ‘एबीएस’चा पिवळा दिवा महिनोन्‌महिने जळत असतो आणि विचारले असता ‘गाडी थांबते ना, मग झाले!’ असे उत्तर मिळते. या उत्तराचा थोडा विचार करावा, असे आम्हांस वाटते.

ओल्या रस्त्यावर ब्रेक जोराने दाबला, की चाक जागीच जखडते आणि गाडी घसरू लागते. जखडलेल्या पुढच्या चाकांना सुकाणूचा हुकूम समजत नाही. हे टाळण्यासाठी विमानांच्या चाकांकरिता प्रथम उपाय योजले गेले आणि १९७८ साली बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा मर्सिडीज मोटारीत आली. प्रत्येक चाकापाशी एक दातेरी कडे फिरत असते व शेजारचा सेन्सर त्याचा वेग कळवीत असतो. एखादे चाक जखडू लागले, की यंत्रणा त्या चाकावरील ब्रेकचा दाब क्षणभर सोडते आणि पुन्हा देते. ही क्रिया सेकंदात अनेक वेळा घडते. म्हणूनच पायाखाली पेडल थरथरते.

चार साक्षीदारांपैकी एकाची साक्ष इतरांशी जुळेनाशी झाली, तर ही यंत्रणा निवाडा करण्याचेच थांबविते आणि पिवळा दिवा लावते. साधा ब्रेक तेव्हाही चालतो. घसरण रोखणारा हात तेवढा काढून घेतला जातो. मात्र पिवळ्यासोबत ब्रेकचा तांबडा दिवाही लागला, तर गाडी पुढे नेऊ नये. ब्रेक ऑइल कमी झालेले असेल, किंवा मागच्या चाकांवरील दाबाचे नियमनही बंद पडलेले असेल. अशा वेळी मागची चाके आधी जखडून गाडी आडवी फिरण्याचा संभव असतो.

दोष शोधताना स्वस्ताकडून महागाकडे जावे. प्रथम ब्रेक ऑइलची पातळी, बॅटरीचा जोर आणि फ्यूज पाहावा. चारही टायर एकाच मापाचे आहेत ना, हेही पाहावे. दोनच टायर मोठे बसविल्यास चाकांच्या वेगांचा मेळ बसत नाही. त्यानंतर चाके काढून सेन्सर पाहावा. चिखल वाळून त्यावर थर बसतो, आणि ज्या सेन्सरात चुंबक असते त्यास ब्रेकच्या झिजेतून निघालेला लोखंडाचा चुरा चिकटतो. वायर कोठे घासली आहे काय, जोडात पाणी शिरले आहे काय, दातेरी कडे गंजून तडकले आहे काय आणि बेअरिंग सैल होऊन चाक डुलते काय, हे क्रमाने तपासावे.

गॅरेजमधील स्कॅनरविषयीही एक गैरसमज आहे. ‘पुढचे उजवे चाक’ असा संकेत त्याने दिला, की मेस्त्री थेट नवा सेन्सर मागवितात. वास्तविक तो संकेत साक्ष बिघडल्याचे सांगतो, कोणामुळे बिघडली ते सांगेलच असे नाही. वायर, कडे, बेअरिंग किंवा नुसता चिखल, यांपैकी कोणताही गुन्हेगार असू शकतो. कोरड्या रस्त्यावर, गाडी थांबण्याच्या बेतात असतानाच पेडल थरथरू लागले, तर कडे किंवा सेन्सर यांवर संशय घ्यावा. पंप आणि नियंत्रक हे सर्वांत महाग भाग. त्यांचा क्रम शेवटचा.

सर्वांत घातक दुरुस्ती म्हणजे दिवाच बंद करणे. निरोगी गाडीत चावी फिरविताच हा दिवा काही क्षण लागतो आणि आपोआप विझतो. तो मुळीच लागत नसेल, तर कोणीतरी त्याचे तोंड बंद केलेले असण्याचा संभव आहे. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने ही परीक्षा अवश्य करावी. नव्या मोटारींना एबीएस आपल्या देशात २०१८-१९ मध्ये सक्तीचे झाले. त्यापूर्वीच्या गाडीत ते आहे की नाही, हेही आधी विचारून घ्यावे.

दुरुस्ती होईपर्यंत काय करावे? निपाणी आणि संकेश्वर यांच्यामधील तवंदीच्या घाटात किंवा आंबोलीच्या पावसात उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर घालावा, पुढच्या वाहनापासून नेहमीपेक्षा अधिक अंतर ठेवावे आणि ब्रेक हलक्या पायाने लावावा. चाक जखडल्याचे जाणवल्यास पाय किंचित सैल करून पुन्हा दाबावा. यंत्रणा ठीक असताना मात्र याच्या उलट वागावे: आणीबाणीत पेडल पूर्ण दाबून धरावे, थरथरीस भिऊन पाय उचलू नये. सैल खडीवर एबीएस असूनही गाडी थांबण्यास अंतर अधिक लागू शकते, म्हणून तेथे वेगच कमी हवा.

घाटातून गाडी उतरते तेव्हा तीत बहुधा सारे कुटुंब बसलेले असते. सेन्सर पुसण्यास लागणारा तासभर त्या मानाने फार थोडा आहे.